ऑलिव्ह तेलाची बाटली आणि जवसाची चटणी

गेल्या महिन्यात माझ्या परिचयाचे एक निवृत्त शिक्षक दवाखान्यात आले. रक्तदाब मोजून झाला, गोळ्या लिहून झाल्या, तरी ते उठेनात. मग त्यांनी पिशवीतून हळूच एक हिरवट रंगाची काचेची बाटली काढून टेबलावर ठेवली. "डॉक्टर, मुलाने संभाजीनगरहून आणली. ऑलिव्ह तेल आहे. म्हणतो, रोज दोन चमचे घ्या, हृदयविकार जवळ फिरकणार नाही. किंमत ऐकून तर आमच्या हिच्या हातातली फोडणी करपली. घ्यावं का हे? की नुसता बाजार आहे?"

प्रश्न एकट्या गुरुजींचा नाही. भूमध्य समुद्राकाठचा आहार हृदयाला चांगला, हे आता वर्तमानपत्रांतून, दूरदर्शन संचावरून आणि मोबाइलवरून घरोघरी पोहोचले आहे. हा आहार खरोखर काय आहे, त्याच्यामागे पुरावा किती आहे आणि जालना जिल्ह्यातल्या माणसाने त्यातून काय घ्यावे, एवढेच आजच्या लेखात पाहू. हा विषय मी पुस्तकातून शिकलो, तसा घरातूनही शिकलो. घरातला धडा जास्त महाग पडला. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

माझी चूक

आमचे गाव भोकरदन तालुक्यातले. वैद्यकीय शिक्षण संपवून १९९४ साली मी जालन्यात दवाखाना टाकला. त्या काळी आम्हा तरुण डॉक्टरांच्या तोंडी एकच मंत्र होता : चरबी वाईट. कोणती चरबी, किती, कशातली, हा विचार फारसा नव्हता. सुट्टीत गावी गेलो की मी घरच्यांनाच उपदेश करायचो. आईच्या चुलीजवळ बसून मी फर्मान काढले, "शेंगदाणे बंद. जवसाची, कारळाची चटणी बंद. सगळं तेलकट आहे. आणि घाण्याचं करडीचं तेल नको, ते काळपट असतं. मी जालन्याहून डबा पाठवतो."

आई म्हणाली, "अरे, तुझ्या आजोबानं ऐंशी वर्षं हेच खाल्लं." मी हसलो. शिकलेला मुलगा होतो ना!

डबा जाऊ लागला. स्वस्त पडावा म्हणून तो बहुधा पामतेलाचा असे. चटणीची जागा फरसाणाने घेतली आणि न्याहारीच्या भाकरीची जागा चहा-बिस्किटाने, टोस्टने घेतली. "पचायला हलकं" म्हणून मीच ते सुचवले होते. दोन-तीन वर्षांत शेतातल्या ज्वारीतले करडीचे पाटेही गेले, कारण काटेरी पीक काढायला मजूर मिळेना आणि तेल तर डब्यातून येतच होते. पुढे ज्वारी गेली, कपाशी आली, मग सोयाबीन आले.

२००९ सालचा जानेवारी महिना. शेतीची लाईट रात्रीची. माझे थोरले बंधू, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, गव्हाला पाणी द्यायला गेले होते. वय ५४. पहाटे तीनच्या सुमारास छातीवर कुणी धान्याचे पोते ठेवावे तसा दाब आला. कडाक्याच्या थंडीत अंग घामाने भिजले. दादांना वाटले पित्त असेल. आखाड्यावर खायचा सोडा होता, तो पाण्यातून घेतला आणि पडून राहिले. सात वाजता कसेबसे घरी आले. वहिनींनी मला फोन केला तेव्हा आठ वाजले होते. जीप करून जालन्याला पोहोचेपर्यंत साडेदहा. म्हणजे साडेसात तास हृदयाचा एक भाग रक्तावाचून तडफडत होता. दादा वाचले. पण हृदयाचा जो स्नायू मेला तो मेलाच. निरोगी हृदय प्रत्येक ठोक्याला आपल्यातले निम्म्याहून थोडे जास्त रक्त पुढे ढकलते. दादांचे हृदय जेमतेम तिसरा हिस्सा ढकलते. तेव्हापासून त्यांनी औत धरलेले नाही.

हे सगळे पामतेलाने झाले असे मी म्हणणार नाही. ते अशास्त्रीय होईल. दादा वीस वर्षे तंबाखू मळत होते. रक्तदाब वाढलेला होता आणि सख्खा भाऊ डॉक्टर असूनही तो कधी मोजलेला नव्हता. पण ताटातल्या चांगल्या गोष्टी काढून वाईट गोष्टी आणण्याचे काम माझ्या हातून झाले, आणि छातीत दुखणे म्हणजे नेहमीच पित्त नव्हे, ही साधी गोष्ट मी माझ्या भावाला सांगितलेली नव्हती. शेकडो रोग्यांना सांगितली होती. घरात सांगायची राहिली.

क्रीटचे शेतकरी काय खात होते?

आता भूमध्य समुद्राकडे जाऊ. अन्सेल कीज नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५८ साली सात देशांतील पुरुषांची पाहणी सुरू केली : अमेरिका, फिनलंड, नेदरलंड, इटली, युगोस्लाव्हिया, ग्रीस आणि जपान. चाळीस ते एकोणसाठ वयाचे सुमारे बारा हजार सातशे पुरुष निवडले. ते काय खातात ते टिपून ठेवले आणि वर्षानुवर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवले. पूर्व फिनलंडमधले लाकूडतोडे व शेतकरी अंगाने धट्टेकट्टे, पण हृदयविकाराने सर्वांत जास्त मरत होते ते तेच. ग्रीसच्या क्रीट बेटावरचे शेतकरी मात्र हृदयविकाराने क्वचितच मरत.

गंमत अशी की क्रीटचा शेतकरी तेल भरपूर खात होता. त्याला मिळणाऱ्या एकूण उष्मांकांपैकी सुमारे चाळीस टक्के स्निग्ध पदार्थांतून येत होते. म्हणजे "चरबी वाईट" हा आमचा मंत्र अर्धवट होता. फिनलंडमध्ये लोणी, साय आणि मांसाची चरबी होती. क्रीटमध्ये ऑलिव्हचे तेल होते. शिवाय क्रीटच्या शेतकऱ्याचे उरलेले ताट पाहा : जाड्याभरड्या पिठाची रोटी, डाळी आणि कडधान्ये, रानातून खुडून आणलेल्या पालेभाज्या, कांदा-लसूण, मूठभर सुका मेवा, हंगामातले फळ, थोडे दही किंवा चीज, अधूनमधून मासे. मांस सणावाराला. आणि दिवसभर उन्हात कष्ट.

हे वर्णन वाचताना तुम्हाला कुणाच्या घरची आठवण झाली? मला आईच्या चुलीची झाली.

पुरावा किती पक्का?

नुसत्या पाहणीने सिद्ध होत नाही, हे खरे. क्रीटच्या माणसाला हृदयविकार होत नसेल तो तेलामुळे की कष्टामुळे, हे कसे ठरवणार? त्यासाठी प्रयोग करावा लागतो.

फ्रान्समधील लिऑन शहरात १९८८ पासून असा प्रयोग झाला. हृदयविकाराचा एक झटका येऊन गेलेले ६०५ रोगी घेतले. निम्म्यांना नेहमीचा पथ्याचा सल्ला दिला, निम्म्यांना भूमध्य पद्धतीचा आहार दिला. १९९४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सरासरी सव्वादोन वर्षांत पहिल्या गटात हृदयविकाराने मृत्यू किंवा पुन्हा झटका अशा ३३ घटना घडल्या, दुसऱ्या गटात फक्त ८. या प्रयोगातली एक बारीक गोष्ट आपल्या फार कामाची आहे. फ्रेंच रोगी केवळ ऑलिव्ह तेलावर राहायला तयार नव्हते. म्हणून त्यांना मोहरीच्या कुळातल्या एका तेलबीपासून केलेले खास लोणी दिले गेले. त्यात अल्फा लिनोलेनिक नावाचे आम्ल होते. हेच आम्ल आपल्या जवसात भरपूर असते. जवसाच्या तेलाचा जवळजवळ निम्मा भाग तेच.

स्पेनमध्ये सात हजारांवर लोकांचा मोठा प्रयोग झाला आणि २०१३ साली जाहीर झाला. ऑलिव्ह तेल किंवा रोज मूठभर सुका मेवा यांसह हा आहार घेणाऱ्यांत हृदयविकार, पक्षाघात व त्यांमुळे होणारे मृत्यू मिळून सुमारे तीस टक्क्यांनी कमी दिसले. पुढे त्यात दोष निघाला. चिठ्ठ्या टाकाव्या तसे एकेका माणसाचे वाटप करण्याऐवजी एका ठिकाणी अख्ख्या दवाखान्याला एकच आहार देऊन टाकला होता. शास्त्रज्ञांनी निबंध मागे घेतला, हिशेब पुन्हा मांडला आणि २०१८ साली नव्याने छापला. निष्कर्ष जवळपास तोच आला. स्पेनमधल्याच कॉर्डोबा शहरात हृदयविकाराच्या १००२ रोग्यांवर सात वर्षे प्रयोग चालला. एका गटाला कमी चरबीचा आहार, दुसऱ्याला भूमध्य पद्धतीचा. २०२२ साली निकाल लागला : कमी चरबीच्या गटात १११ घटना, भूमध्य गटात ८७.

आपल्या देशातही मुरादाबादच्या एका संशोधनाचे नाव घेतले जाते. २००२ साली ते मोठ्या नियतकालिकात आले, पण २००५ साली त्याच नियतकालिकाने त्यातील माहितीविषयी जाहीर शंका नोंदवली. त्यामुळे मी त्याचा आधार घेत नाही. पुरावा चांगला असला तरी तो बहुतेक युरोपातला आहे, हे वाचकांनी लक्षात ठेवावे. मात्र गरज आपल्याला जास्त आहे. जगभरातल्या रोग्यांची तुलना केली तेव्हा दक्षिण आशियातल्या माणसाला पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी येतो असे दिसले. इतर देशांत तो साधारण ५९ व्या वर्षी येतो. म्हणजे कर्ता माणूस सहा वर्षे आधी आडवा होतो. दादा ५४ वर्षांचे होते.

वहिनींचा प्रश्न

दादांना घरी सोडताना हातात एक छापील कागद मिळाला. त्यावर ओट, ऑलिव्ह तेल, ब्राऊन ब्रेड, ब्रोकोली, अक्रोड, सामन मासा अशी यादी होती. वहिनींनी तो मला दाखवला. "भावजी, हे ओट म्हणजे काय हो? आपल्या रानात येतं का?"

मी "नाही" म्हणालो. त्यावर त्या म्हणाल्या, "मग जे येतं त्यातलं सांगा की. एवढं शिकलात."

त्या रात्री मी तो कागद समोर ठेवून दुसरा कागद लिहायला घेतला. पुढे त्यात सुधारणा होत गेल्या. तोच आज वाचकांसाठी देतो.

*ओट किंवा जाड्याभरड्या पिठाच्या रोटीऐवजी* ज्वारीची भाकरी. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे दहा ग्रॅम चोथा असतो, मैद्यात आणि सडलेल्या तांदळात तीन ग्रॅमसुद्धा नसतो. हा चोथा आतड्यात कोलेस्टेरॉल अडवायला मदत करतो आणि साखर हळूहळू रक्तात सोडतो. आपल्या जालन्याच्या दगडी ज्वारीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. बाहेरच्यांना किंमत कळली, आपण मात्र पाहुणे आले की मैद्याची पुरी करतो. हिवाळ्यात बाजरी खावी. कोंड्यासकट दळलेल्या गव्हाची पोळीही चालते. शत्रू गहू नाही, मैदा आहे.

*डाळी आणि कडधान्ये* रोज दोन्ही वेळा. तूर, मूग, मटकी, हरभरा. बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राने काढलेले तुरीचे वाण मराठवाडाभर पेरले जातात. तुरीच्या जिल्ह्यात वरण पाण्यासारखे पातळ असू नये. भाकरी तीन आणि वरण वाटीभर, याऐवजी भाकरी दोन आणि वरण दोन वाट्या, असे प्रमाण ठेवा.

*रानातल्या पालेभाज्यांच्या जागी* रानातल्याच पालेभाज्या! मेथी, शेपू, चुका, चाकवत, अंबाडी, घोळ, तांदुळजा, हरभऱ्याची कोवळी भाजी, करडीची कोवळी पाने. क्रीटची बाई जे खुडत होती तेच आपली आजी खुडत होती. रोज एक पालेभाजी आणि जेवणाबरोबर कांदा, काकडी, मुळा, गाजर किंवा टोमॅटो.

*अक्रोडऐवजी* मूठभर भाजलेले शेंगदाणे आणि चमचा-दोन चमचे जवसाची किंवा कारळाची चटणी. मूठभर म्हणजे मूठभर, पाटीभर नव्हे. जवस मंद भाजावा, आठवड्यापुरताच कुटावा आणि झाकून ठेवावा, कारण कुटलेल्या जवसाचे तेल लवकर खवट होते. चटणीत मीठ निम्मे घाला.

*मासे* खाणाऱ्यांनी आठवड्यातून दोनदा खावेत, पण तळून नव्हे, कालवणात. आपल्याकडे तळ्या-धरणातले रोहू, कटला मिळतात. समुद्रातल्या बांगड्या-तारल्याइतके हितकारक तेल त्यांत नसते, तरी बोकडाच्या मटणापेक्षा ते केव्हाही बरे. शाकाहारी माणसाने जवस सोडू नये.

*फळ* म्हटले की आपल्याला परदेशी सफरचंद आठवते. ज्या जिल्ह्याची मोसंबी देशभर जाते, त्या जिल्ह्यातला रोगी सलाईनच्या बाटलीशेजारी सफरचंद ठेवतो! मोसंबी, पेरू, सीताफळ, जांभूळ, बोरे यांतले जे हंगामात असेल ते खा. मोसंबीचा रस साखर घालून पिऊ नका, फोडी खा.

तेलाचा हिशेब

गुरुजींचा मूळ प्रश्न तेलाचा. ऑलिव्ह तेलात ओलेइक आम्लाचे प्रमाण सुमारे सत्तर टक्के किंवा जास्त असते. आपल्या शेंगदाणा तेलात ते साधारण निम्मे असते. म्हणजे ऑलिव्हचा जवळचा नातलग आपल्या घरात आहेच. करडईच्या तेलात मात्र लिनोलिक नावाचे वेगळे आम्ल सत्तर टक्क्यांहून अधिक असते. त्याने कोलेस्टेरॉल कमी होते, म्हणून एके काळी करडईचे तेल म्हणजे हृदयाचे अमृत अशी जाहिरात होत असे. पण ऑस्ट्रेलियातल्या सिडनी शहरात १९६६ ते १९७३ या काळात हृदयरोग्यांना करडईचे तेल मोठ्या प्रमाणात दिले गेले होते. त्या जुन्या प्रयोगाचे आकडे २०१३ साली पुन्हा तपासले, तेव्हा त्या गटात मृत्यू कमी नव्हे, जास्तच आढळले. यावर तज्ज्ञांत अजून वाद आहे. मी त्यातून एवढेच घेतो की एकच तेल डोक्यावर घेऊन नाचू नये. करडई वापरा, तिच्यासोबत जवस असू द्या, एक महिना शेंगदाण्याचे तेल आणा. आपल्या जुन्या जेवणात करडीच्या तेलाची फोडणी आणि जवसाची चटणी एकाच ताटात होती, हे विसरू नका. हैदराबादच्या तेलबिया संशोधन संस्थेने आता ओलेइक आम्ल जास्त असलेले करडईचे वाणही काढले आहेत. शेतकरी वाचकांनी खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करावी. करडई ओलिताशिवाय रब्बीत येते, हा आपल्या दुष्काळी जिल्ह्यात लहान गुण नाही.

पामतेलात जवळपास निम्मी चरबी घट्ट, म्हणजे लोण्याच्या जातीची असते. सोयाबीन विकून आलेल्या पैशांत आपण पामतेलाचा डबा आणतो, याला काय म्हणावे? वनस्पती तुपातली घातक चरबी दोन टक्क्यांच्या आत ठेवण्याचा नियम २०२२ पासून लागू आहे, पण हातगाडीवरच्या कढईत तेच तेल सकाळपासून संध्याकाळपर्यंत उकळते, तिथे कोण तपासणार?

तेल कोणतेही असो, माणशी महिन्याला अर्धा ते पाऊण लिटर पुरे. चार माणसांच्या घरात पाच-सहा लिटर जात असेल तर आधी ते कमी करा. गुरुजींना मी सांगितले, "बाटली आणलीच आहे तर कोशिंबिरीवर घालून संपवा, फेकू नका. दुसरी आणू नका. त्या पैशांत वर्षाचा जवस आणि शेंगदाणा येईल." नेहमीच्या जेवणावर वरून दोन चमचे तेल पिऊन हृदय सुधारत नाही, वजन वाढते. फायदा पूर्ण ताटाचा आहे, एका बाटलीचा नाही.

आपल्या ताटातले दोष

आता "आमचं जुनं तेच सोनं" म्हणून कुणी मिशीला पीळ देऊ नये. आपल्या जेवणात तीन मोठे दोष आहेत. पहिला मिठाचा. ठेचा, लोणचे, पापड, खारवलेली मिरची, वरून कच्चे मीठ. दिवसाला सर्व मिळून पाच ग्रॅम, म्हणजे लहान चमचाभर मीठ पुरते. रक्तदाबाचे मूळ इथे आहे. दुसरा दोष साखरेचा. दिवसातून सहा कप गोड चहा घेणारा माणूस "मी गोड खात नाही" असे छातीठोक सांगतो. तिसरा दोष भाजीचा. भाकरीला लावण्यापुरती भाजी आपण घेतो, तिला जेवणाचा भाग मानत नाही. उन्हाळ्यात तर महिनोन् महिने माळवे घरात नसते. तेव्हा मोड आलेली कडधान्ये, वाळवलेली मेथी, शेवग्याचा पाला यांनी वेळ निभवावी.

आणि भूमध्य आहारात दारूचा प्याला असतो, हे काही मंडळी फार आवडीने सांगतात. त्यांनी ऐकावे : हृदयासाठी म्हणून दारू सुरू करा असे आज कोणताही जबाबदार डॉक्टर सांगत नाही. तंबाखू, विडी, गुटखा चालू ठेवून जवस खाणे म्हणजे भोक पडलेल्या रांजणात पाणी भरणे.

एका मागास जिल्ह्याची गोष्ट

कुणी म्हणेल, खाण्याच्या सवयी अशा सांगून बदलतात का? फिनलंडच्या ज्या पूर्व भागात हृदयविकाराने सर्वांत जास्त माणसे मरत होती, तिथल्या उत्तर कारेलिया प्रांतात १९७२ साली पेक्का पुस्का या तरुण डॉक्टरने मोहीम सुरू केली. प्रांत गरीब, लोक दूध-लोण्यावर जगणारे. पण गावोगावच्या महिला मंडळांनी एकत्र जमून नवे पदार्थ शिजवून दाखवले, बेकऱ्यांनी मीठ कमी केले, दूधवाले शेतकरी फळांच्या झुडपांकडे आणि तेलबियांकडे वळले. चार दशकांत तिथल्या कर्त्या पुरुषांचे हृदयविकाराचे मृत्यू ऐंशी टक्क्यांहून अधिक घटले. तंबाखू कमी झाली, औषधे सुधारली, हेही त्यात आहेच. पण सुरुवात स्वयंपाकघरातून झाली. आपल्या आठही तालुक्यांत बचत गट आहेत. त्यांनी मनावर घेतले तर काय अशक्य आहे?

हे लक्षात ठेवा

आहार बदलला म्हणून डॉक्टरांच्या गोळ्या परस्पर बंद करू नका. रक्त पातळ करणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तर पालेभाजीचे प्रमाण एकदम वाढवू किंवा कमी करू नका, आधी विचारा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर फळे, डाळी आणि पालेभाज्या किती खाव्यात हे डॉक्टरांकडून ठरवून घ्या. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा रक्तदाब आणि साखर तपासावी. प्राथमिक आरोग्य केंद्रात त्यासाठी फार खर्च येत नाही.

आणि छातीत दाब, जळजळ किंवा आवळल्यासारखे वाटले, ते डाव्या हातात, जबड्यात, पाठीत गेले, सोबत घाम किंवा धाप असली, तर सोडा, ओवा, मालिश यांत वेळ घालवू नका. बायकांना आणि मधुमेही रोग्यांना कधी कधी दुखतच नाही, नुसती धाप लागते किंवा गळून गेल्यासारखे होते. १०८ क्रमांकाला फोन करा. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन पहिल्या काही तासांतच खरे काम करते. जितका उशीर, तितका स्नायू मरतो. हे वाक्य कापून घरातल्या भिंतीवर लावा. माझ्या घरात ते लावलेले नव्हते.

दादा आता सत्तरी ओलांडून गेले आहेत. तंबाखू त्या दिवसापासून सुटली, गोळ्या चालू आहेत. औत धरता येत नाही, पण रोज सकाळी सावकाश शेतापर्यंत चालत जातात. गेली काही वर्षे रब्बी ज्वारीत करडीचे चार पाटे आणि हरभऱ्याच्या कडेने जवस त्यांच्या आग्रहाने पेरला जातो. काढणीच्या वेळी काटे टोचू नयेत म्हणून भल्या पहाटे, दव असताना, हाताला फडके गुंडाळून बाया करडी काढतात. दादा बांधावर बसून बघतात. आई हे पाहायला राहिली नाही. तिची माफी मागायची माझी राहूनच गेली.

आता माझी काळजी दादांची नाही, त्यांच्या मुलाची आहे. तो जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत लोखंडाच्या कारखान्यात पाळीवर जातो. वय छत्तीस. डबा न्यायचा कंटाळा, गेटबाहेर मिरची भजी आणि पाव. मागच्या दिवाळीत मी जबरदस्तीने रक्तदाब मोजला. वरचा आकडा १६० निघाला. तो हसून म्हणाला, "काका, मला काय झालंय?" त्याचे वडीलही असेच म्हणत होते. वहिनी त्या दिवसापासून पहाटे उठून त्याच्यासाठी दोन भाकरी, पालेभाजी, मटकीची उसळ आणि झाकणात जवसाची चटणी बांधून देतात. डबा रिकामा परत येतो की गेटबाहेर कुत्र्याला जातो, हे अजून कळलेले नाही. पण गेल्या आठवड्यात त्याने फोनवर विचारले, "काका, चटणी थोडी जास्त पाठवायला सांगाल का? सोबतची पोरं मागतात."

वाचकहो, आज रात्री जेवायला बसाल तेव्हा ताटाकडे एकदा नीट पाहा. चटणीची जागा रिकामी असेल, तर उद्याच्या बाजारातून पावशेर जवस आणा.